गोव्यांतील येशूसंघ व मराठी ओवी

परक्या देशांत धर्मोपदेश करूं जाणाऱ्यास पहिली अडचण पडते ती भाषेची. श्रोत्याची बोली न येणाऱ्या उपदेशकाला दुभाष्याच्या तोंडानें बोलावें लागतें. जेझुइट अथवा येशूसंघाचा गोव्यांतील आरंभकाल या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

इग्नेशियस लोयोला यांच्या या संघास पोप तिसरे पॉल यांनीं १५४० मध्यें मान्यता दिली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, ६ मे १५४२ रोजीं, फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. पुढें सेंट पॉल विद्यालय संघाकडे आलें, व १५५६ मध्यें तेथें हिंदुस्थानांतील पहिला छापखाना सुरू झाला.

परंतु उपदेशकांच्या पाठीशीं पोर्तुगीज राजसत्ता होती, आणि तिच्या आश्रयानें देवळें पाडलीं जात होतीं. उपदेश व दंड असे बरोबरच आल्यामुळें लोकांचीं मनें दुखावलीं. १५८३ मध्यें कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले. त्याचा सूड म्हणून तेथील प्रमुख गांवकऱ्यांनाही ठार करण्यांत आलें.

याच साष्टी प्रांतांत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचें आयुष्य गेलें. ते १५७९ मध्यें गोव्यास आले व १६१९ मध्यें वारले. धर्मांतर केलेल्या लोकांची जुनीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं ऐकावयास त्यांच्या भाषेंत कांहीं नव्हतें. ही उणीव जाणून स्टीफन्स यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचलें. त्यांत स्वर्गास ‘वैकुंठ’ हाच आपल्या ओळखीचा शब्द त्यांनीं योजिला. देवनागरी खिळ्यांच्या अभावीं तें १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांचें कोंकणीचें व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्यें, तेथेंच प्रसिद्ध झालें.

राजसत्तेचें धोरण मात्र पुढें उलट दिशेनें गेलें. ख्रिस्ती रयतेनें तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असें फर्मान १६८४ मध्यें निघालें. १७५९ मध्यें तर पोर्तुगालच्या मुलुखांतून येशूसंघासच हद्दपार करण्यांत आलें. तथापि फर्मानानें लोकांची बोली गेली नाहीं, आणि संघ गेल्यावरही ख्रिस्तपुराण हस्तलिखितांच्या आधारें टिकलें. त्यांवरूनच १९०७ मध्यें मंगळूर येथें तें पुन्हा छापलें गेलें. सत्तेच्या बळावर उभारलेलें पुष्कळसें लयास गेलें. लोकांची भाषा शिकून लिहिलेला हा ग्रंथ मात्र मराठी वाचकांच्या हातीं राहिला.