अंतराळ-डावांतील तह आणि वचनाचा अधिकार

नाशिकजवळील आनंदवल्लीशी ज्यांचे नाव कायमचे निगडित झाले आहे, त्या रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरत येथे मुंबईकर इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी त्यांना पेशवाईच्या गादीवर बसविण्यासाठी फौज द्यावी व मोबदल्यात साष्टी आणि वसई घ्यावी, असा त्याचा मथितार्थ होता. सह्या झाल्या, फौजही निघाली. मग कलकत्त्याच्या कौन्सिलाने, १७७३ च्या कायद्यान्वये असा तह करण्याचा मुंबईस अधिकारच नाही, असे म्हणून तो बेकायदेशीर ठरविला आणि कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. लंडनच्या संचालकांनी मात्र सुरतेच्याच तहाला अनुकूलता दर्शविली. कंपनी एक, मुखे तीन!

संगणकावरील अंतराळ-डावांचा विचार करताना हे उदाहरण फार उपयोगी पडते. अशा डावात खेळणारा एखाद्या संस्कृतीचा अधिपती होतो, ताऱ्यांमागून तारे वसवितो आणि संगणकाने चालविलेल्या इतर सत्तांशी लढतो किंवा तह करतो. ‘मास्टर ऑफ ओरायन’ (१९९३) पासून ‘स्टेलारिस’ (२०१६) पर्यंत युद्ध, व्यापार व संशोधन ही अंगे पुष्कळ सूक्ष्म झाली. राजनीतीचे अंग मात्र अद्याप बेरीज-वजाबाकीचे आहे. ‘स्टेलारिस’मध्ये परसत्तेचे आपल्याविषयीचे मत हा एक अंक असतो. समान शत्रू असला की त्यात भर, सीमा भिडल्या की घट. आणि प्रस्तावाचा स्वीकार वा नकार पुष्कळ अंशी अशाच बेरजेवर ठरतो.

येथे चूक अंक वापरण्यात नसून तहाचे स्वरूप ओळखण्यात आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत दाखविल्याप्रमाणे काही उक्ती वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, त्या स्वतःच कृती असतात. ‘मी वचन देतो’ हे वाक्य खरे की खोटे असे विचारता येत नाही. ते साधले की फसले, एवढेच विचारता येते. आणि ते साधावयाचे तर बोलणाऱ्यास तसे बोलण्याचा अधिकार असावा लागतो. सुरतेचा तह याच ठिकाणी फसला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावी कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी केलेला करारही, तो करणाऱ्यांना अधिकार नव्हता, याच सबबीवर वरिष्ठांनी झिडकारला. प्रचलित डावांत ही आपत्ती संभवतच नाही, कारण तेथे सत्ता म्हणजे एक मुखवटा व त्याचे एकच मुख.

आश्चर्य हे की, अधिकाराचा प्रश्न अंतरातून निर्माण होतो आणि अंतर तर अंतराळाइतके अन्यत्र कोठेच नाही. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. तरीही डावात कळ दाबताच परकीय सम्राट पडद्यावर हजर होतो. लंडनचे उत्तर मुंबईस पोहोचावयास कित्येक महिने लागत, म्हणूनच तेथील अधिकाऱ्यांच्या हाती निर्णय सोपवावा लागे आणि सोपविलेला अधिकार कोठवर, हा वाद उद्भवे. दूरच्या सुभेदाराने केलेला तह मान्य करावा की नाकारावा, हा पेच खेळणाऱ्यापुढे टाकला, तर अंतराळ ही केवळ काळी पार्श्वभूमी राहणार नाही.

दुसरी उणीव जामिनाची. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी शिंदे हे पेशव्यांतर्फे बोलणी करणारे होते आणि उभय पक्षांचे जामीनही होते. जो पक्ष तह मोडील त्याच्याविरुद्ध उभे राहण्याची जबाबदारी त्यांनी पत्करली होती. त्यातच त्यांची प्रतिष्ठाही वाढली. ‘स्टेलारिस’मध्ये दुसऱ्या सत्तेच्या स्वातंत्र्याची हमी देता येते खरी, पण ते दुर्बलाचे रक्षण झाले. दोघांमधील शब्दाला तिसऱ्याने तारण राहावे, त्यात त्याची पत वाढावी किंवा बुडावी, ही गोष्ट निराळी.

वकिलांविषयी थोडक्यात. (या शब्दाचा अर्थ आज न्यायालयापुरता आकसला आहे, पेशवाईत तो दरबारी प्रतिनिधीस लावीत.) ‘स्टेलारिस’मध्ये २०२० पासून दूत आले, त्यांतील एखादा परदरबारी नेमला की मतांक हळूहळू चढतो. पुण्याच्या वकिलांचे काम मुख्यतः लिहिण्याचे होते: दरबारी कोण आले, कोणाची मर्जी फिरली, कोणता शब्द टाळला गेला. अंकाऐवजी असे पत्र हाती आले, तर वाचणाऱ्यास अर्थ लावावा लागेल आणि पत्रलेखकाचा कलही ओळखावा लागेल. यंत्रास हे अशक्य नाही. ‘डिप्लोमसी’ या १९५९ च्या पटावरील डावात माणसांशी वाटाघाटी करणारी ‘सिसेरो’ ही प्रणाली मेटा कंपनीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सिद्ध केली आहे.

आक्षेप येईल, व तो रास्त आहे: उघड अंकांमुळे नकाराचे कारण तरी कळते, ते झाकले तर परसत्ता लहरी भासेल. यावर उपाय असा की, तह कलमवार असावा आणि नकार कोणत्या कलमास व कोणाच्या अधिकाराअभावी आहे, हे शब्दांत सांगितले जावे. सही आणि मान्यता यांत कालावधीही असावा. सालबाईचा तह मे महिन्यात ठरला; नाना फडणीसांची मान्यता मिळून तहनाम्यांची अदलाबदल होण्यास फेब्रुवारी १७८३ उजाडला. मधल्या डिसेंबरात, ज्याच्याशी पुण्याने इंग्रजांविरुद्ध संधान बांधले होते तो हैदरअली मरण पावला होता.