सिंहगडावर खजिना शोधायचा, पण उचलायचे काही नाही

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायवाटेवर रांग लागते. कुणी घड्याळ लावून चढते, कुणी सरबताच्या प्रत्येक टपरीवर टेकते, आणि वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी नि मडक्यातले दही ठरलेलेच. तानाजी मालुसरे आणि १६७० ची लढाई हा गडाचा इतिहास बहुतेकांना तोंडपाठ असतो. ज्या कातळावर ही लढाई झाली, त्याचे वय मात्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे, आणि त्या जुन्या इतिहासाच्या खुणा वाटेच्या कडेलाच उघड्या पडलेल्या असतात. त्या शोधायला वाटाड्या लागत नाही. कागद, पेन्सिल, एक भिंग, मोजपट्टी आणि लोहचुंबक एवढे पुरते.

हा खेळ आला कुठून?

अमेरिकेत २००० साली ‘जिओकॅशिंग’ सुरू झाले. कुणीतरी एक डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा. २००४ मध्ये ‘जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका’ या संस्थेने त्यातूनच ‘अर्थकॅश’ हा प्रकार पुढे आणला. यात डबा नसतोच. ठरलेल्या जागी जायचे, समोरचा खडक नीट पाहायचा, मोजायचा आणि दिलेल्या प्रश्नांची उत्तरे ती जागा नोंदवणाऱ्याला पाठवायची. उत्तर घरबसल्या पुस्तकातून मिळणार नाही, तिथे गेल्यावरच मिळेल, असे प्रश्न घालणे हीच खरी कसोटी.

सिंहगडावर असा खेळ घरच्या घरी रचता येतो. एका मोठ्याने आधी एकदा गड चढून जागा हेरायच्या आणि पुढच्या रविवारी मुलांच्या हाती प्रश्नांचा कागद द्यायचा.

पहिला प्रश्न गड चढण्याआधीच

पायथ्याकडून डोंगराकडे पाहा आणि पायऱ्या मोजा. पाषाणी पायऱ्या नव्हेत, डोंगराच्या. उभा काळा कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशी ही रचना सह्याद्रीत सगळीकडे दिसते. दख्खनच्या या खडकांना इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात. पायरी किंवा जिना या अर्थाच्या जुन्या स्वीडिश शब्दावरून ते नाव पडले.

इथे मुले हमखास विचारतात, ‘मग ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे?’ ते इथे नाही. सिंहगड हा ज्वालामुखी नव्हे. जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि सपाट पसरत गेला. थरावर थर बसले. आजही या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. पुढे नद्यांनी आणि पावसाने हा ढीग कोरला आणि जे उरले ते आपले डोंगर. थराचा मधला भाग घट्ट असतो, तो कड्यासारखा उभा राहतो. वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ झालेला असतो, तो लवकर झिजून उतार होतो. मात्र एका थरात एकापेक्षा जास्त पायऱ्याही तयार होऊ शकतात, म्हणून पायऱ्या मोजल्या म्हणजे थर मोजून झाले असे नाही.

जाळीदार दगड आणि पांढरे बदाम

चढ सुरू झाला की पायाखाली भोके पडलेले दगड दिसू लागतात. लाव्हात वायू मिसळलेला होता. तो वर येताना बुडबुडे झाले आणि लाव्हा गोठताना ते तसेच अडकले. सर्वांत मोठे भोक मोजपट्टीने मोजा. त्यात पांढरे किंवा फिकट गुलाबी काही भरले आहे का, ते भिंगातून पाहा. नंतरच्या काळात कातळात मुरलेल्या पाण्याने या पोकळ्यांत झिओलाइट, गारगोटी अशी खनिजे साचवली. भरलेल्या पोकळ्यांचा आकार बदामासारखा असतो, आणि अशा खडकाचे शास्त्रीय नावही बदामाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पुण्याच्या आसपासच्या खाणींतून निघालेली अशी स्फटिके जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

ती फोडून घरी नेण्याचा मोह होतोच. हातोडीच्या एका घावात स्फटिकाचा बहुधा चुरा होतो आणि पुढच्यासाठी तिथे फक्त खळगा राहतो. फोटो काढा, शेजारी नाणे ठेवून आकार दाखवा, पुढे चला.

लोहचुंबकाचे काम वाटेवरच्या मातीत आहे. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पावसाच्या ओघळीत साचलेल्या काळ्या रेतीवरून फिरवा. पिशवीला चिकटतात ते मॅग्नेटाइटचे कण, म्हणजे झिजून सुटलेला डोंगरच.

सर्वांत मोलाची खूण

या खेळातला खरा खजिना म्हणजे लाल पट्टा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधी वीतभर, कधी त्याहून जाड असा विटकरी मातीचा थर दिसतो. लोक त्याला मुरूम समजून पुढे जातात. प्रश्न एवढाच विचारायचा: इथे माती आली कुठून?

खालचा लाव्हा थंड झाला आणि पुढचा लगेच आला नाही. मधल्या काळात उघडा पडलेला दगड कुजून त्याची माती झाली, काही ठिकाणी ज्वालामुखीची राखही साचली, आणि गंजलेल्या लोहामुळे रंग लाल झाला. मग नवा लाव्हा आला आणि हे सगळे झाकले गेले. थोडक्यात, हा पट्टा म्हणजे ज्वालामुखीने घेतलेली विश्रांती.

ही विश्रांती किती वर्षांची, यावर मोठा वाद अडलेला आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर नष्ट झाले. तेव्हाच मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळला होता आणि इकडे दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. दोष कुणाचा किती, हे ठरवायचे तर लाव्हा नेमका केव्हा आला हे कळायला हवे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याबद्दल दोन शोधनिबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाने सह्याद्रीतल्या अशाच लाल थरांमधून झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचले. त्यातल्या युरेनियमचे ठराविक गतीने शिसे होते, त्यावरून वय काढता येते. हे स्फटिक राखेतून आलेले. बर्कलेच्या गटाने खुद्द लाव्हातल्या आरगॉन वायूवरून वय काढले. पहिल्या गटाच्या मते अशनी पडण्याच्या काही दहा-हजार वर्षे आधीच लाव्हाचा एक मोठा लोट आला होता. दुसऱ्या गटाच्या मते बहुतांश लाव्हा त्या संकटानंतरचा. सरबताची टपरी ज्या मातीला टेकून उभी असते, तशाच मातीत हे पुरावे सापडले.

पट्टा शोधताना कुठे उभे राहायचे?

घाटरस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे थर सर्वांत स्वच्छ दिसतात आणि धोकाही तिथेच असतो. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, त्याचे एक कारण याच रचनेत आहे. भेगाळलेला जड कातळ मऊ थरावर बसलेला असतो. पाण्याने खालचा मऊ थर धुपला की वरच्या शिळेचा आधार सुटतो. म्हणून कापलेल्या कड्याखाली थांबायचे नाही. पट्टा रस्त्याच्या पलीकडूनच पाहायचा, वाहने जपून, आणि पाऊस असेल तर या थांब्यावर काट मारायची. मुलांना प्रश्न द्यायचा तो हा: पट्ट्याच्या वरचा कातळ बाहेर आला आहे का, आणि त्याच्याखाली पोकळी दिसते का?

वर पोहोचल्यावर

देवटाक्याचे गार पाणी पिणारे पुष्कळ, पण एवढ्या उंचीवर पाणी टिकते कसे, असा प्रश्न क्वचितच कुणाला पडतो. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून आणि जाळीदार थरांतून झिरपते. खाली घट्ट थर लागला की अडते आणि आडवे वाहू लागते. गडावर टाकी खोदणाऱ्यांना भूशास्त्राचे नाव माहीत नव्हते, दगड मात्र माहीत होता.

शेवटचा प्रश्न तटावरून. हवा स्वच्छ असेल तर राजगड आणि तोरणा दिसतात. त्यांच्या कड्यांच्या आडव्या रेषा पाहा आणि मधली दरी मनातल्या मनात भरून काढा. एकेकाळी हे थर दऱ्यांवरूनही सलग पसरलेले होते. पावसाळा संपताना उतार हिरवे आणि कडे काळे असतात, तेव्हा या रेषा सर्वांत ठळक दिसतात. मे महिन्याच्या धुरकट दुपारी मात्र हा प्रश्न कोराच सोडावा लागतो.