प्रमाणपत्र संघाचे, आयुष्य खेळाडूचे

कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणारा रस्ता फुलेवाडीवरून शहराबाहेर पडतो. बालिंग्याचा पूल ओलांडला, कळे मागे पडले, की उसाचे फड हळूहळू विरळ होतात आणि साळवणच्या पुढे डोंगर जवळ येऊ लागतात. सुमारे ५५ किलोमीटरवर गगनबावडा. इथून करूळचा आणि भुईबावड्याचा असे दोन घाट कोकणात उतरतात. जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस इथला, आणि लोकवस्तीच्या हिशेबात सर्वांत लहान तालुकाही हाच. २०११च्या जनगणनेत साऱ्या तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३५ हजार भरली. शाहू स्टेडियमवर एखादा महत्त्वाचा सामना असला, की जवळपास निम्म्या तालुक्याएवढी माणसे तिथे बसली आहेत की काय, असे वाटावे अशी गर्दी असते!

या रस्त्याच्या एका टोकाला महाराष्ट्रातले सर्वांत फुटबॉलवेडे शहर आहे आणि दुसऱ्या टोकाला धुक्यात हरवलेली शाळेची मैदाने. रस्ता एकच, एस.टी.ही तीच. पण दुसऱ्या टोकाच्या एखाद्या मुलाच्या पायात खरोखरच खेळ असला, तर तो या टोकाला पोहोचतो कसा? आणि पोहोचला तर त्याच्या शिक्षणाचे काय होते? दहावी-बारावीचे निकाल लागले, की ‘खेळाडूंसाठी राखीव जागा’ हे शब्द घरोघर ऐकू येऊ लागतात. त्या शब्दांमागे नेमके काय आहे, हे पालकांनी एकदा नीट पाहिले पाहिजे.

कोल्हापूरचा फुटबॉल संस्थानकाळापासूनचा. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ काढले, म्हणून इथे संघांची नावेही तालमींची. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. गगनबावड्याच्या वाटेवरच्या फुलेवाडीचाही संघ आहे. पेठेतले पोर चालायला लागले, की चेंडू त्याच्या पायाशी येतो. हंगामात या संघांतून परदेशी खेळाडूही खेळून गेले आहेत. खेळाडू आपल्याकडे ओढून आणायची चढाओढ काय असते, हे या शहराला कोणी शिकवायला नको.

महाविद्यालयांतही ती चढाओढ आहे, फक्त तिचा आवाज थोडा हळू. आंतरमहाविद्यालयीन ढाल जिमखान्याच्या कपाटात यावी, असे कोणत्या कॉलेजला वाटत नाही? जून-जुलैत क्रीडा संचालकांची नजर चांगल्या खेळाडूंवर असते. फी माफ होईल, किट मिळेल, हजेरीचे आम्ही बघू, अशी आश्वासने मिळतात. त्यात गैर काही नाही. गुणी मुलाला बोलावणे हा त्याचा मानच आहे. प्रश्न आहे तो बोलावल्यानंतरचा.

कागदावरचा खेळाडू

सरकारने खेळाडूंसाठी काही दारे उघडून ठेवली आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळातील कामगिरीच्या पातळीनुसार २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळू शकतात. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि २०२५पासून ही ऑनलाइन प्रवेशपद्धत शहरांपुरती न राहता राज्यभर लागू झाली. शासकीय नोकरीतही खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ३० एप्रिल २००५च्या शासन निर्णयाने ते आले आणि १ जुलै २०१६च्या निर्णयाने त्याच्या अटी नव्याने ठरल्या. नोकरीच्या गटाप्रमाणे आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरील यश त्यासाठी लागते. मधल्या काळात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, त्यामुळे प्रमाणपत्रांची पडताळणीही कडक झाली. ते योग्यच झाले.

पण या साऱ्या सवलतींचे चलन एकच, ते म्हणजे प्रमाणपत्र. फुटबॉलपटूची अडचण इथेच सुरू होते. धावणाऱ्या मुलीची वेळ घड्याळात दिसते, मल्लाची कुस्ती त्याच्या एकट्याची असते. फुटबॉल मात्र अकरा जणांचा. संघ कोणत्या फेरीपर्यंत गेला, एवढेच प्रमाणपत्र सांगते. त्या संघात कोण कसा खेळला, हे त्यावर कुठेच लिहिलेले नसते.

समजा, गगनबावडा तालुक्यातल्या एका शाळेत एक उत्तम मध्यरक्षक आहे. शालेय स्पर्धा बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात, नेमक्या तेव्हाच त्याच्या शाळेचे मैदान चिखलात बुडालेले असते. तालुक्यात फुटबॉलचे संघ मोजकेच. हा संघ जिल्ह्याला जातो आणि वर्षभर सराव केलेल्या शहरातल्या शाळेकडून पहिल्याच फेरीत पाच-सहा गोलांनी हरतो. सामना संपल्यावर पलीकडच्या संघाचे सर येऊन त्या मुलाची पाठ थोपटतात. पण ती थाप प्रवेशाच्या अर्जाला जोडता येत नाही! उलट, जिंकलेल्या संघाच्या बाकावर बसून राहिलेला एखादा राखीव खेळाडू संघाबरोबर राज्यापर्यंत जातो आणि त्याच्या हाती वरच्या पातळीचा कागद पडतो. यात त्या राखीव खेळाडूचा दोष नाही. नियम मोजमाप करतो, पण भलत्याच गोष्टीचे.

पेठेच्या संघांतून नाव कमावणाऱ्या मुलांचीही गत फार वेगळी नाही. हजारो लोकांसमोर केलेला गोल वर्षभर चौकात सांगितला जातो, परंतु प्रवेशाला किंवा नोकरीला चालणारे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या, ठरलेल्या पातळीच्या स्पर्धेचेच लागते. स्थानिक स्पर्धेतला ‘मालिकावीर’ चषक घराच्या फळीवर शोभतो, अर्जावर नाही.

महाविद्यालयात गेल्यावर पुढची पायरी विद्यापीठाच्या संघाची. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यांतून निवडलेला संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांप्रमाणे तिथे खेळणारा मुलगा पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असावा लागतो आणि वयाची मर्यादा २५ वर्षांची आहे. म्हणजे शिक्षण अर्धवट सुटले, की खेळाचा हा दरवाजाही बंद. हे अनेक मुलांना उशिरा कळते. अभ्यास आणि खेळ या दोन वेगळ्या वाटा आहेत असे समजून ती एक वाट सोडतात, आणि पाहतात तर दुसरीही संपलेली असते.

अमेरिकेचा धडा

महाविद्यालयीन खेळाचे वेड अमेरिकेइतके जगात कुठेच नाही. तिथला फुटबॉल वेगळा, पायापेक्षा हातांनीच अधिक खेळला जाणारा. पण खेळाडू मिळवण्याची धडपड आपल्या ओळखीचीच, फक्त शेकडो पटींनी मोठी. कॉलेजांची स्टेडियमे लाखभर प्रेक्षकांनी भरतात, शाळकरी खेळाडूंच्या घरी प्रशिक्षक स्वतः जाऊन बसतात. २०२५पासून तर महाविद्यालये खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली.

या वेडाची दुसरी बाजू १९८९ साली अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीपुढे आली. डेक्स्टर मॅन्ली हा नामवंत व्यावसायिक फुटबॉलपटू तिथे उभा राहिला आणि आपल्याला वाचता येत नव्हते, अशी कबुली त्याने दिली. शाळा झाली होती, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात तो खेळलाही होता. एवढ्या वर्षांत त्याला कोणी अडवले नव्हते, कारण मैदानावर तो हवा होता. मोठेपणी, प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, तो वाचायला शिकला.

तोवर तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने अटी घालायला सुरुवात केली होती. १९८६पासून ‘प्रपोझिशन ४८’ हा नियम लागू झाला. शाळेतल्या ११ मूलभूत विषयांत ठरावीक सरासरी आणि प्रवेश परीक्षेत किमान गुण असल्याशिवाय नव्या खेळाडूला पहिल्या वर्षी खेळता येणार नाही, असे ठरले. त्यावर मोठे वादळ उठले. गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाच कमकुवत, मग अटीचा फटका त्यांनाच बसणार, हा आक्षेप रास्त होता. पुढे विषय ११वरून १६ झाले, आणि प्रवेश परीक्षेच्या गुणांची अट २०२३मध्ये काढून टाकण्यात आली. शाळेतल्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची अट मात्र राहिली.

पण आपण शिकण्याजोगी गोष्ट याच्या पुढची आहे. प्रवेशाच्या दारात अट घालून भागत नाही, दाराच्या आत गेल्यावर मुलाला शिकवले जाते का, हेही पाहावे लागते, असे त्या संघटनेच्या ध्यानात आले. २००४च्या सुमारास तिने महाविद्यालयांच्या संघांनाच गुण द्यायला सुरुवात केली. प्रत्येक सत्रात खेळाडू परीक्षेच्या दृष्टीने पात्र राहिला तर एक गुण, महाविद्यालयात टिकून राहिला तर आणखी एक. संघाचा हिशेब हजारांपैकी मांडायचा. तो ठरावीक आकड्याखाली गेला तर शिक्षा संघाला. २०११ साली बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष संघाला याच कारणाने २०१३च्या अंतिम टप्प्यातील स्पर्धांना मुकावे लागले. विजेत्यांनाही सूट मिळाली नाही.

आपल्याकडे हेच उलटे आहे. अट सगळी खेळाडूवर. गुण त्याचे हवेत, प्रमाणपत्र त्याचे हवे, हजेरी त्याची हवी. राखीव जागेवर घेतलेल्या मुलांपैकी किती जण पदवीधर झाले, हे मात्र महाविद्यालयाला कोणी विचारत नाही. तीन वर्षे तो संघाला जिंकून देतो, विषय मागे राहत जातात, आणि एके दिवशी गुडघा दुखावला की त्याच्याकडे ना खेळ उरतो ना पदवी. कपाटातली ढाल मात्र चमकत असते.

म्हणून ‘खेळाडूंना गुणांची अट कशाला?’ हा आपला नेहमीचा प्रश्न चुकीचा वाटतो. अट खेळाडूची वैरी नाही. आयआयटी मद्रासने २०२४-२५पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यांतली एक मुलींसाठी. पण जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव लागणे त्यांनाही चुकलेले नाही. पुढचा अभ्यास झेपेल, याची ती खातरजमा आहे. अट असावी, मात्र ती दोन्हीकडून असावी.

पंचावन्न किलोमीटर

आता पुन्हा आपल्या त्या मध्यरक्षकाकडे येऊ. समजा, त्याला कोल्हापुरात प्रवेश मिळाला. सराव सकाळी सहाचा. गगनबावड्याहून निघून तो सहाला मैदानावर कसा पोहोचणार? संध्याकाळचा सराव धरला तर परतीची एस.टी. गाठण्याची धावपळ, आणि गावात उतरून पुढे वाडीपर्यंतची पायपीट. पावसात घाटमाथ्यावरचा रस्ता कसा असतो, हे तिकडच्यांना सांगायला नको. अशा मुलाचा पहिल्या सत्रात सराव सुटतो किंवा अभ्यास, बहुधा दोन्ही. मुलगी असेल तर घरचे पहिल्याच महिन्यात ‘पुरे आता’ म्हणतात, आणि अंधारात परतणाऱ्या लेकीच्या काळजीने म्हणतात, त्यांना तरी काय बोलावे?

२०१७ साली भारतात १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारत पहिल्यांदाच खेळत होता, आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा हा मुलगा लहानपणीच बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. राहणे, जेवण, शाळा आणि मैदान तिथे एकाच ठिकाणी होते. त्याच्या पायातला खेळ त्याचा स्वतःचाच, पण तो वाया गेला नाही, याचे काही श्रेय त्या व्यवस्थेलाही आहे.

ही व्यवस्था कोल्हापूरला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच महाराजांनी १९०१पासून याच शहरात एकामागून एक बोर्डिंगे काढली. खेड्यातल्या मुलाला शिक्षणाचा हक्क आहे असे नुसते म्हणून चालत नाही, त्याला शहरात रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते. तालीम आणि बोर्डिंग या दोन्ही गोष्टी त्याने एकाच शहरात शेजारी शेजारी वाढवल्या. आपण तालमीचा वारसा जिवापाड जपला, बोर्डिंगचा तेवढा जपला का?

फार मोठ्या योजनेची गरज नाही. ज्या महाविद्यालयाने खेळाडूंच्या जागेवर मुलगा घेतला, त्याने त्याच्या वसतिगृहाची सोय पाहावी. स्पर्धेमुळे बुडालेले तास भरून काढायला एक प्राध्यापक नेमून द्यावा. आणि दरवर्षी जिमखान्याच्या अहवालात ढालींच्या यादीशेजारी एक आकडा छापावा. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या खेळाडूंपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले? पालकांनीही प्रवेश घेताना ‘फी माफ होईल का?’ याच्या आधी हाच प्रश्न विचारावा. कॉलेजकडे उत्तर तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

गगनबावड्याच्या त्या मुलाला राखीव जागा हवीच आहे. पण त्या जागेपर्यंत आणि तिच्या पुढे जायला त्याला आधी कोल्हापुरात एक खाट हवी आहे. ती मिळाली, तर सकाळी सहाच्या सरावाला तो सर्वांच्या आधी मैदानावर हजर असेल.