थेंबाचा शंभरावा हिस्सा

नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा असतो. पंपात भरायच्या इन्सुलिनची पाच युनिटं एवढ्या थेंबात मावतात. टाइप 1 मधुमेह असलेल्या रांगत्या मुलाला पंपातून तासाला जेमतेम 0.1 युनिट लागतं असं धरलं, तर हा एक थेंब त्याला दोन दिवस पुरतो. तोही एकदम द्यायचा नाही. ठरावीक अंतराने, रात्रंदिवस, त्याचे शंभर-दोनशे तुकडे करून द्यायचा.

1978 साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये जॉन पिकप आणि हॅरी कीन यांनी त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणाऱ्या छोट्या पंपाचे प्रयोग प्रसिद्ध केले. आजचे पंप त्याच घराण्यातले. बहुतेकांत एक मोटर आटे असलेला दांडा फिरवते, दांडा पिस्टन ढकलतो, आणि पिस्टन नळीतून इन्सुलिन पुढे सारतो. पण पिस्टनचं रबर कधी भिंतीला चिकटतं, मग एकदम सुटतं. त्यामुळे एक तुकडा लहान पडतो, पुढचा मोठा.

हे मोजायचं तर तराजू सोनाराच्याही वरताण लागतो. सुईचं टोक तराजूवरच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवतात आणि वर तेलाचा पातळ थर सोडतात. तेल नसेल तर वाफ होऊन उडणारं पाणीच हिशेब बिघडवतं, कारण 0.05 युनिटाचं वजन भरतं फक्त अर्धा मिलिग्रॅम. निकालाचा आलेख तुतारीसारखा दिसतो. थोड्या मिनिटांचा हिशेब घेतला की चूक मोठी, तुतारीचं तोंड रुंद. तासांमागून तास जमा होत गेले की चुका एकमेकींना खातात आणि तुतारी निमुळती होते. कंपन्या जाहिरातीत जो ‘उणे-अधिक 5 टक्के’ सांगतात, तो बहुधा या निमुळत्या टोकाचा असतो. दिवसाला 50 युनिटं घेणाऱ्या प्रौढाला त्याने फारसा फरक पडत नाही. लहानग्याच्या बाबतीत मात्र सरासरीवर विसंबणं धाडसाचंच.

आणि तराजूवर पास झालेला पंपही अंगावर चढला की वेगळाच वागू शकतो. फ्रिजमधून काढलेलं गार इन्सुलिन तसंच भरलं, तर ते कोमट होताना त्यातून हवेचे बुडबुडे सुटतात. नळीतून बुडबुडा सरकतो, पंप मात्र इन्सुलिन गेल्याची नोंद करतो. विमान वर चढताना केबिनमधला दाब उतरतो, तेव्हा हेच बुडबुडे फुगून जास्तीचं इन्सुलिन बाहेर ढकलतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस किंग आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे मोजून दाखवलं. काठोकाठ भरलेल्या पंपातून युनिटभर इन्सुलिन न मागता जाऊ शकतं. मोठ्या माणसाला ते निभावता येतं. लहान मुलासाठी ती दहा तासांची शिदोरी.

भारतात आणखी एक मेख आहे. इथे औषधाच्या दुकानात मिलिलिटरमागे 40 युनिट ताकदीच्या इन्सुलिनच्या कुप्या अजून सर्रास मिळतात. पंपाचं गणित 100 ताकदीवर बांधलेलं असतं. चुकीची कुपी भरली गेली, तर पडद्यावर 10 युनिटं दिसतील आणि अंगात चारच जातील. यंत्राचा त्यात काडीचाही दोष नाही.

दोष असतो तेव्हाही तो कधीकधी फार साधा निघतो. 2019 च्या नोव्हेंबरात पंप बनवणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीने आपल्या मिनिमेड 600 मालिकेतल्या काही पंपांबद्दल इशारा दिला. इन्सुलिनची नळकांडी जागेवर धरून ठेवणारी कडी तुटली किंवा निघाली, तर मात्रा कमी-जास्त होऊ शकत होती. अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने 2020 मध्ये हा इशारा रिकॉलच्या सर्वांत गंभीर वर्गात टाकला. मोटर आणि आतला संगणक यांच्या इतक्या कौतुकानंतर घात करणारी गोष्ट होती प्लास्टिकची कडी!

त्वचेपाशी तर पंपाचं काही चालतच नाही. एकाच माणसाला तीच मात्रा दिली तरी तिचा परिणाम एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी पाव हिश्श्याने सहज बदलतो. त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा सुई रोवल्याने चरबीच्या गाठी झाल्या, की तिथून इन्सुलिन मनमानी शोषलं जातं. त्यापुढे मोटरचे 5 टक्के किरकोळ वाटू लागतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी सुई-नळीचा सेट बदलायचा, आणि दरवेळी जागाही.

सेन्सरला जोडलेले नवे पंप शुगर पाहून मात्रा बदलतात, त्यामुळे लहानसहान चुका झाकल्या जातात. पण शरीरात किती इन्सुलिन शिल्लक आहे, हा त्यांचाही हिशेब मोटरने किती ढकललं यावरच चालतो. कॅन्युला, म्हणजे त्वचेत शिरणारी मऊ नळी, आत दुमडली असेल, तर दाब वाढून अलार्म वाजेपर्यंत, विशेषतः मंद गतीला, कित्येक तास जाऊ शकतात. पंपात जलद काम करणारंच इन्सुलिन असतं. पुरवठा तुटला की अंगात मागे साठा उरत नाही, आणि काही तासांत कीटोन नावाची घातक आम्लं वाढू लागतात. म्हणून मुरलेले पंपवाले बोलस, म्हणजे एकदम सोडलेली जादा मात्रा, देऊनही शुगर उतरली नाही, तर पडद्यावरच्या आकड्याशी हुज्जत घालत बसत नाहीत. कीटोन तपासतात, पेनने इंजेक्शन घेतात, सेट उपटून नवा लावतात, आणि काढलेली कॅन्युला उजेडात धरून वाकली आहे का ते पाहतात.