पाण्याची वाट

आमचा उरण तालुका समुद्राने आणि खाड्यांनी वेढलेला आहे. घारापुरीची लेणी आमच्याच तालुक्यात. १९८७ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. ती पाहायला लांबून लोक येतात. पण पाणजे गावची पाणथळ जागा मात्र पुष्कळांनी पाहिलेली नाही. जानेवारीत गुरुजी आमच्या वर्गाला तिथे घेऊन गेले.

आम्ही पोचलो तेव्हा भरती होती. उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे होते. इंग्रजीत त्यांना फ्लेमिंगो म्हणतात. बगळे आणि लाल पायांचे शेकाटेही होते. मी विचारले, "गुरुजी, एवढी मोठी खाडी सोडून हे इथे का येतात?"

गुरुजींनी समजावून सांगितले. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. त्यात किडे, शेवाळ, बारीक जीव असतात. रोहित पक्षी चोच उलटी बुडवून पाणी गाळतो आणि शेवाळ खातो. त्या खाण्यामुळेच त्याला गुलाबी रंग येतो. भरतीला तोच चिखल बुडतो. मग पक्ष्यांनी उभे तरी कुठे राहायचे? म्हणून ते पाणथळीवर विसाव्याला येतात. म्हणजे खाडी त्यांचे ताट आणि पाणथळ त्यांचे घर. एक गेले तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

घरी आल्यावर मी आजोबांना हे सांगितले. ते म्हणाले, "पोरा, सगला खेल उघाडीचा हाय." बांधात पाण्याला ये-जा करायला दार ठेवतात, ती उघाडी. आमच्या गावाजवळच्या एका तळ्याची उघाडी दोन वर्षांपूर्वी भरावाने बुजली. भरतीचे पाणी आत येईना. उन्हाळ्यात चिखलाला भेगा पडल्या. निवट्या मेल्या, चिंबोऱ्या दिसेनाशा झाल्या. आजी तिथून कालवणापुरते मासे आणायची, ते बंद झाले. पक्षीही आले नाहीत.

तिवरांनाही हेच पाणी लागते. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि श्वास घेतात. पान चाटून बघा, खारट लागेल! झाड जास्तीचे मीठ पानांतून बाहेर टाकते. त्याच्या मुळांत माशांची पिल्ले वाढतात.

ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले. २०२२ साली ती जागा रामसर यादीत आली. ही जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी आहे. पण पक्ष्यांना हद्द कुठे कळते? ते आपल्याकडेही येणारच.

माझे काका भरावाचा डंपर चालवतात. त्यांचे काम जावे असे मला वाटत नाही. मी त्यांना एवढेच म्हटले, "काका, उघाडीच्या तोंडाशी माती टाकू नका." काका हसले नाहीत. "बघतो," म्हणाले.

पालकहो, तुम्हीही बघाल ना?

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी