दुकान लोणावळ्यात, गोडाऊन मळवलीत: पॉइंट-टू-पॉइंट सर्किट घ्यायचं का?



समजा, तुमचं चिक्कीचं दुकान लोणावळा बाजारात आणि गोडाऊन मळवलीला. पावसाळ्यातला रविवार, काउंटरवर रांग. बिलिंग सॉफ्टवेअर गोडाऊनच्या सर्व्हरला विचारतंय, माल शिल्लक आहे का? उत्तर वेळेत आलं नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. अशा वेळी सेल्समन सांगतो, 'पॉइंट-टू-पॉइंट सर्किट घ्या.' सही करण्याआधी ते काय असतं ते बघा.

सर्किट म्हणजे काय?
दारापर्यंतची केबल सोडली, तर नवीन वायर कोणी ओढत नाही. कंपनीच्या फायबर जाळ्यातच तुमची दोन टोकं जोडली जातात, म्हणून ते 'व्हर्च्युअल'. रूळ सगळ्यांचे, पण तुमचा डबा मळवलीला भरायचा आणि लोणावळ्यालाच उघडायचा. बीएसएनएल, रुळांलगत फायबर असलेली रेलटेल आणि खासगी कंपन्या अशी सेवा देतात.

दोन्ही टोकांना काय जुळायला हवं?
सेटिंग इंजिनिअर करतो, पण तपासायचं तुम्ही.

१. सर्किट आयडी: कंपनीच्या दोन्ही टोकांच्या राउटरवर एकच नंबर. एक आकडा चुकला की लाइन सुरूच होत नाही.

२. व्हीलॅन: १ ते ४०९४ मधला नंबर. कंपनीने दिला तोच तुमच्या स्विचवर हवा.

३. एमटीयू: साधारण १५०० बाइट. वाटेत कमी पडला तर छोटा पिंग जातो, पण स्टॉकची मोठी फाइल अडकते.

४. आयपी: नेटवर्क एक, पत्ते वेगळे. उदा. दुकानाचा राउटर १९२.१६८.५०.१, गोडाऊनचा १९२.१६८.५०.२, मास्क २५५.२५५.२५५.२५२.

इंजिनिअर निघायच्या आधी तुकडे न करता १४७२ बाइटचा पिंग मारायला सांगा. त्यात २८ बाइट हेडर धरले की बरोबर १५०० होतात. तो गेला तरच 'काम पूर्ण'वर सही.

दोन गैरसमज
'खासगी लाइन म्हणजे डेटा कुलूपबंद.' नाही! तुमचा डेटा इतरांपासून वेगळा राहतो, पण आपोआप एन्क्रिप्ट होत नाही. त्यासाठी वर व्हीपीएन लावावं लागतं.

'ही लाइन बंदच पडत नाही.' रस्ता खोदताना दाराजवळची केबल तुटली की सर्किटही गेलं. मोबाइल डेटाचा बॅकअप ठेवाच.

मग घ्यायचं का?
एकच काउंटर असेल आणि स्टॉक संध्याकाळी जुळवला तरी चालत असेल, तर साधं ब्रॉडबँड आणि व्हीपीएन पुरतं. प्रत्येक बिल गोडाऊनवर अवलंबून असेल तरच सर्किटचा विचार करा. कोटेशनमध्ये दोन्ही टोकांचं भाडं, बसवण्याचा खर्च, किमान मुदत आणि बिघाड किती तासांत दुरुस्त होणार, हे लेखी मागा. वर १८ टक्के जीएसटी असतो. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, तो खर्चातच धरा.

आता वहीत दोन आकडे लिहा: महिन्याचं भाडं, आणि लाइन अडकल्यामुळे महिन्यात बुडणारा नफा. दुसरा आकडा मोठा असेल तरच सेल्समनला फोन करा.