कुट्टनाडच्या भाताला शिंपल्यांचा चुना

केरळातल्या कुट्टनाडमध्ये भात समुद्रसपाटीच्या खाली पिकतो. जमीन कुठे अर्धा मीटर खोल, कुठे दोन मीटर. भोवती बांध आणि बांधापलीकडे नदीचे नाहीतर वेंबनाड तलावाचे पाणी. पेरणीआधी आतले पाणी पंपाने उपसावे लागते, तेव्हा कुठे चिखल दिसतो. अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा मानले. तेव्हापासून बांधांविषयी आणि पंपांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण याच शेतीला उभी ठेवणारी तिसरी गोष्ट पोत्यांत भरून येते, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ती म्हणजे शिंपले भाजून केलेला चुना.

या जमिनीचे दुखणे आम्लतेचे आहे. ‘करी’ नावाच्या पट्ट्यांत माती कोळशासारखी काळी असते आणि नांगरताना पूर्वी कधीतरी गाडल्या गेलेल्या झाडांचे ओंडके वर येतात. समुद्राच्या पाण्यातले सल्फेट आणि चिखलातले लोह यांच्यापासून इथे पायराइट साठलेले आहे. पाण्याखाली असेपर्यंत ते निरुपद्रवी असते. पाणी ओसरून जमीन तडकली आणि भेगांतून हवा आत शिरली, की त्यापासून गंधकाम्ल तयार होते. मग सामू 4 च्याही खाली जातो, लोह आणि अॅल्युमिनियम विरघळून मुळांना बाधतात, स्फुरद मातीत असूनही रोपाच्या हाती लागत नाही. अशा शेतात खताच्या गोणी कितीही रिकाम्या केल्या, तरी पैसा पाण्यात जातो. आधी आंबटपणा मारावा लागतो.

त्यावरचे औषध शेजारच्याच तलावाच्या तळाशी आहे. वेंबनाडच्या मचूळ पाण्यात काळ्या शिंपल्यांची मोठी वस्ती आहे. आपल्या तिसऱ्यांच्याच गोतातला हा जीव. मल्याळीत त्याला कक्का म्हणतात. पुरुष होडीतून जातात, लांब बांबूला लावलेल्या जाळीदार दाताळ्याने तळ खरवडतात, किंवा सरळ बुडी मारून हाताने शिंपले गोळा करतात. पुढचे काम घरच्या अंगणात, बहुतेक बायकांच्या हातून होते. शिंपले मोठ्या भांड्यात उकडायचे, तोंडे उघडली की चाळणीवर घोळून मांस वेगळे करायचे. मांस त्याच दिवशी विकले जाते. ते वजनाच्या मानाने थोडेच निघते, टोपलीतला मोठा वाटा कवचांचाच असतो. एरवी असे ढीग दाराशी कुजत पडतात, त्यांना वास सुटतो, माश्या घोंगावतात. इथे मात्र कवचालाही भाव आहे. ते गोळा करून विकण्यासाठी मुहम्मासारख्या गावांत शिंपले काढणाऱ्यांच्या सहकारी संस्था आहेत.

कवच म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत शिंपले आणि कोळसा थरावर थर रचून पेटवतात. सुमारे 900 अंश सेल्सिअसला कवचातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरते ती चुनकळी. शुद्ध कार्बोनेट 100 किलो घेतले तर कळी 56 किलो मिळते. कळीवर पाणी शिंपडले की ती तापते, फुगते, फुटते आणि तिची पांढरी फक्की होते. हे काम सोपे नाही. धग, धूर, आणि डोळ्यांत, घशात जाणारी चुन्याची धूळ. भट्टीवर राबणाऱ्यांना डोळ्यांचे आणि श्वासाचे संरक्षण मिळायलाच हवे. जमिनीचे औषध करताना माणूस आजारी पडता कामा नये.

केरळ कृषी विद्यापीठाची भातासाठीची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी 600 किलो चुन्याची आहे: 350 किलो पहिल्या नांगरटीला, 250 किलो पेरणीनंतर महिनाभराने. पहिल्या मात्रेनंतर पाणी आत घेऊन शेत धुतात, म्हणजे सुटलेले आम्ल वाहून जाते. चुना आणि अमोनियाचे खत एकत्र टाकायचे नाही, नाहीतर नत्र वायू होऊन उडून जाते. दोहोंत काही दिवसांचे अंतर ठेवावे लागते.

मग भाजायचे तरी कशाला, कवच दळूनच का टाकू नये? दळलेले कवचही चालते, इंधन वाचते, धूर होत नाही. पण त्याचा परिणाम सावकाश होतो. नारळाच्या बागेत ते चालेल, झाडाला घाई नसते. कुट्टनाडच्या शेतकऱ्याच्या हातात पाणी उपसल्यापासून पेरणीपर्यंत थोडेच दिवस असतात, म्हणून तो फक्की मागतो. अलीकडे डोलोमाइटही वापरात आले आहे. त्यातून मॅग्नेशियम मिळते, ही त्याची जमेची बाजू. मात्र ते खाणीतून काढावे लागते.

काढण्याचा प्रश्न शिंपल्यांतही आहे. वेंबनाडच्या तळाखाली फार जुन्या पांढऱ्या कवचांचे थर होते. यंत्रांनी तळ उपसून ते सिमेंटसाठी नेले गेले. माझ्या मते त्या उपशाला कचऱ्याचा सदुपयोग म्हणता येणार नाही. खाऊन उरलेले कवच मातीत घालणे वेगळे आणि तलावाचा तळ उकरणे वेगळे.

शिंपल्यांप्रमाणे कोळंबीच्या सालीही मातीत घालता येतात, पण त्यांचे शास्त्र निराळे आहे. त्यांत चुन्याच्या जोडीला कायटिन असते. ते मातीत पडले की कायटिन खाणारे सूक्ष्मजीव वाढतात, आणि सूत्रकृमींच्या अंड्यांच्या कवचात तसेच कित्येक रोगकारक बुरशांच्या पेशीभित्तीत कायटिनच असल्यामुळे त्यांनाही त्रास होतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या सालींवर दीर्घकाळ काम केले आहे.

आपल्या कोकणात जांभ्याची माती आहे, मुसळधार पावसाने तिच्यातला चुना धुऊन जातो आणि ती आम्लधर्मी होते. खाडीकाठच्या गावांत तिसऱ्या, खुबे, कालवे यांची कवचे परसात पडून असतात. ती धुऊन, वाळवून, बारीक कुटून माडांना आणि भाजीच्या वाफ्यांना घालता येतील. फक्त आधी माती तपासून घ्यावी. खारजमिनीत दुखणे मिठाचे असू शकते, आणि तिथे अंदाजाने चुना ओतण्यात अर्थ नाही.

आता वेंबनाडच्या शिंपल्यांच्या धंद्याच्या मुळावर आलेल्या गोष्टीकडे येतो. 1970च्या दशकात भात खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी तण्णीरमुक्कम इथे तलावावर आडवा बंधारा घातला गेला. कोरड्या महिन्यांत त्याचे दरवाजे बंद असतात. भाताला ते हवेच आहे. पण काळ्या शिंपल्याला प्रजननासाठी पाण्यात थोडा खारेपणा लागतो, आणि बंधाऱ्याच्या दक्षिणेला तो पुरेसा पोचत नाही. त्यात लहान शिंपलेही उपसले जातात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने दाट वस्तीतली पिले उचलून दुसरीकडे पेरण्याचे प्रयोग केले आहेत. ते चांगलेच आहेत, पण पाणी गोडे राहिले तर अपुरे पडतील. पेरणी लांबली की कापणी लांबते, आणि दरवाजे उघडणेही लांबते. म्हणून पेरणीची तारीख पाळणे, पिलांचा उपसा थांबवणे आणि दरवाजे कधी उघडायचे हे ठरवताना शिंपले काढणाऱ्यांनाही बैठकीत बसवणे, एवढे तरी झालेच पाहिजे. कारण ज्या भातासाठी दरवाजे बंद होतात, त्याच भाताच्या शेतात त्यांच्या शिंपल्यांचा चुना पडतो.